तेवीस सांधे

माझ्या सासऱ्यांच्या उजव्या अंगठ्यावर रोज सकाळी काळी रेघ उमटते. तिची रुंदी तीन मिलिमीटर असते, कारण आमच्या परसातल्या रेल्वेचा पितळी रूळ तेवढाच जाड आहे. पितळेवर चढलेला मळ अंगठ्याने पुसला की अशी रेघ येते. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ती फिकट असायची आणि एकच असायची. आबा तेव्हा रूळ डोळ्यांनी बघत आणि शंका आली तिथेच अंगठा फिरवत. आता रेघा गडद असतात, एकीला लागून एक अशा चार-पाच असतात, कारण बेचाळीस मीटरचा सगळा रूळ ते अंगठ्यानेच बघतात.

हे माझ्या लक्षात आलं होतं. मी ते कुणाला बोलले नव्हते.

बाकीचे सगळे बोलत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा जास्त. डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षांपूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं. पहिल्या वर्षी गणपती आले, मग दिवाळी आली. पुढे असं निघालं की थंडीत जखम भरत नाही, उन्हाळ्यात डोळ्यात घाम जातो आणि पावसाळ्यात जखम चिघळते. या हिशेबाने ऑपरेशनला योग्य असा ऋतू कोल्हापुरात नाही. यंदा जूनमध्ये डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या, की मोतीबिंदू पिकत चाललाय, दिवाळीच्या पुढे ढकलू नका, नंतर मलाही अवघड जाईल आणि तुम्हालाही. आबांनी मान डोलावली, बाहेर आले आणि रिक्षात बसता बसता म्हणाले, "बाई हुशार हाय. पण मला दिसतंय की."

माझा नवरा धैर्यशील दर रविवारी हा विषय काढतो आणि दर रविवारी बापलेकांचं वाजतं. मी गप्प राहते. सून म्हणून नव्हे. आबा मोजल्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत आणि मी मोजल्याशिवाय बोलत नाही. माझ्याजवळ अंगठ्यावरच्या रेघांपलीकडे काही नव्हतं.

आबांचं नाव कृष्णात. मूळचे मुरगूडचे. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत अडतीस वर्षं पॅटर्नमेकर होते. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कुठलीही वस्तू ओतायच्या आधी तिचं हुबेहूब लाकडी रूप करावं लागतं आणि त्याभोवती वाळू ठोकून साचा करतात. ते लाकडी रूप म्हणजे पॅटर्न. ओतलेलं बीड थंड होताना शंभराला एक या प्रमाणात आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी या लोकांची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित लांब. बिडाची पट्टी वेगळी, पितळेची वेगळी. लग्न होऊन आले तेव्हा आबांनी मला त्या पट्ट्या दाखवल्या होत्या. मी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. आहे हे कळल्यावर त्यांनी केलेलं ते स्वागत होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी फुलेवाडीच्या या घरामागे रेल्वे घातली. रुळांखाली आडवे सागवानी स्लीपर, त्यांत खाच पाडून उभ्या बसवलेल्या पितळी पट्ट्या, दोन रुळांत पंचेचाळीस मिलिमीटरचं अंतर. प्रत्येक पट्टी सहा फूट, एका रुळात तेवीस पट्ट्या आणि मुरगूडच्या फलाटापुढे एक आखूड तुकडा, म्हणून तेवीस सांधे. कढीपत्त्यापाशी कोल्हापूर स्टेशन, शेवग्याखाली मुरगूड. खऱ्या मुरगुडाला रेल्वे नाही. ती आमच्या परसात पहिल्यांदा पोचली आणि आबांनी शहाबादी फरशीचा फलाट घालून तिचं स्वागत केलं.

इंजिन हातभर लांब. अंगाचं ओतकाम ॲल्युमिनियमचं, आत जुन्या मोटारीच्या वायपरची मोटर. चाकं आबांचे फाउंड्रीतले जुने सोबती सिकंदरचाचा यांनी त्यांच्या लेथवर कातून दिली. सहा चाकं, पण वीज घेतात ती पुढची दोनच. वीज रुळांतून येते. एका रुळातून जाते, चाकांतून मोटरला मिळते, दुसऱ्या रुळातून परतते. इंजिनाचं नाव बयाबाई. आबांच्या आईचं ते नाव. त्या आयुष्यात कधी रेल्वेत बसल्या नव्हत्या.

कामांची वाटणी ठरलेली आहे. वायरी, कंट्रोलर आणि मीटर माझ्याकडे. चाकं आणि तेल सिकंदरचाचांकडे. रूळ फक्त आबांचे. फडकं, स्पिरिट, काही दिलं तरी ते म्हणतात, "फडक्याला काय कळतंय?" रुळाला दुसऱ्या कुणाचा अंगठा लागलेला त्यांना चालत नाही.

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते, तशी रेल्वेचीही. पटाशी, करवत, माझा मीटर, सगळं पाटावर मांडायचं. कुंकू बयाबाईला आणि हत्यारांना. रुळांना फक्त हळद. आबांनी एक झेंडूचं फूल देठाशी धरून ओल्या हळदीत बुडवायचं आणि प्रत्येक सांध्यापाशी बाहेरच्या बाजूच्या स्लीपरवर टेकवायचं. स्लीपरवर, रुळावर नाही. हा नियम आबांनीच घातलेला. लाकडाला हळद सोसते, विजेला नाही. मग त्या दिवशी कुणी कशालाही हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पहिली फेरी बयाबाईची. त्या फेरीआधी रूळ पुसायचा नाही, अंगठासुद्धा नाही. आणि संध्याकाळी बयाबाई चार डब्यांत आपट्याची पानं भरून मुरगूडला नेते. गल्लीतले सगळे फलाटाशी उभे असतात आणि डब्यातून सोनं उचलून एकमेकांना देतात. गेली अकरा वर्षं एकही दसरा चुकलेला नाही.

यंदा दसऱ्याच्या सकाळी साडेआठला सिकंदरचाचा तेलाची छोटी झारी घेऊन आले. आबांनी पांढरी टोपी घातली होती. मी कंट्रोलरची कळ दाबली आणि आबांनी स्वतः बटण फिरवलं.

बयाबाई कोल्हापुरातून निघाली. पहिल्या सांध्यावर तिने एक हिसका दिला. दुसऱ्यावर दोन. तिसऱ्यावर थांबली.

"बसली," सिकंदरचाचा म्हणाले.

"बसली न्हाय. थांबली," आबा म्हणाले. "सणासुदीला बाईमाणूस जरा थांबतंय."

त्यांनी बोटाने हलकं ढकललं. ती चालली, पुन्हा थांबली. पुन्हा ढकललं. जास्वंदीपर्यंत असं नऊदा झालं. त्यानंतर ढकलूनही चालेना.

"कृष्णात, तुझ्या आईचा सवभावच असला हुता का रं?"

"माझी आई थांबत न्हवती. ती दुसऱ्याला थांबवायची."

मी खडू आणला आणि ती जिथे जिथे थांबली होती त्या जागी कुंपणाच्या जांभ्यावर खुणा केल्या. थांबण्याच्या जागा लिहून ठेवल्याशिवाय शोध सुरू करू नये. खुणा साधारण सहा-सहा फुटांवर होत्या, म्हणजे सांध्यांपाशी. पण शेवटी शेवटी सांध्यांच्या मधेही होत्या. हे मला कळेना.

सिकंदरचाचांनी बयाबाईला उचलून मांडीवर उलटी घेतली, पोट उघडलं आणि मोटरला थेट दोन वायरी टेकवल्या. चाकं भिरभिरली.

"इंजिन ठणठणीत. रोग रुळात हाय, पोरी."

मग मी मीटर घेतला. कोल्हापुरात चौदा पूर्णांक एक व्होल्ट. जास्वंदीपाशी चौदा. मुरगूडला तेरा पूर्णांक नऊ. बेचाळीस मीटरवर एवढी घट चालायचीच. प्रत्येक सांध्यावरही टोकं लावून बघितली. सगळीकडे वीज होती. सांध्यांच्या खालून जाणाऱ्या जोडवायरीही शाबूत होत्या.

सिकंदरचाचा मांडीवर बयाबाईला थोपटत होते. "मीटर म्हणतंय वीज हाय. बयाबाई म्हणतीया न्हाय. आता कुणाचं ऐकायचं?"

"मीटर खोटं बोलत न्हाय," आबा म्हणाले.

"मग तुझी आई खोटं बोलतीया म्हण की. सणाच्या दिवशी."

तेवढ्यात धैर्यशील गाडी धुऊन, तिला हार घालून मागे आला. ओल्या हातांनी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याने परिस्थिती बघितली आणि नेमकं तेच बोलला जे बोलायला नको होतं.

"आबा, तुम्हाला दिसलं नसेल काहीतरी. म्हणून म्हणतोय ना, एकदा ते डोळ्यांचं उरकून टाका."

"रुळाला मोतीबिंदू झालाय व्हय?" आबा म्हणाले. "तू हार घातलास त्या गाडीला नंबर प्लेट झाकून. आधी ती बघ जा."

धैर्यशील बघायला गेला. नंबर प्लेट खरोखरच झाकली होती. तो परत आला नाही.

सिकंदरचाचांनी संधी साधली. त्यांचे दोन्ही डोळे दोन वर्षांपूर्वी झालेत आणि तेव्हापासून ते अधूनमधून आबांना नजरेची किंमत सांगतात. "पोरगं खोटं बोलत न्हाय, कृष्णात. मला बघ. परवा पंचगंगेच्या पुलावरनं पलीकडच्या म्हशी मोजल्या. नऊ हुत्या."

"त्यातल्या दोन माझ्या पावण्यांच्या असतील, ते ओळखलास का?"

"दूध बघून ओळखतो. पाणी घातलेलं दिसतंय मला आता."

आबा हसले, पण रुळाकडे बघत राहिले. म्हणजे रुळाच्या दिशेने बघत राहिले. मला ते दिसत होतं. त्यांचं बटणावरचं बोट थांबलं होतं. "बारा वाजत आले," ते म्हणाले. "सांजच्याला माणसं येणार." आणि मग थोड्या वेळाने, "यंदा न्हाय चालली तर डोक्यावर टोपलं घेऊन द्यायचं सोनं. त्यात काय."

त्यात काय, हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं त्यावरून मला त्यात काय ते कळलं. त्यांनी तीन वर्षांत ऑपरेशनला बारा कारणं सांगितली असतील, पण खरं कारण एकदाच, चहा पिताना, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं बोलून गेले होते: "महिनाभर वाकायचं न्हाय, धुळीत जायचं न्हाय. मग रूळ कोण बघणार?" महिनाभर रूळ दुसऱ्याने बघितले आणि ते नीट चालले, तर मग आपण कशाला, ही भीती असावी. आणि आज ते समोर असतानाच रूळ चालत नव्हते.

मी मीटरची दोन टोकं हातात धरून तशीच बसले होते. टोकं सुईसारखी अणकुचीदार असतात. का असतात? मळ असला तरी तो भेदून धातूपर्यंत पोचावीत म्हणून. मीटर खोटं बोलत नव्हता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होते. वीज धातूत आहे का, असं मी विचारत होते. बयाबाईचा प्रश्न वेगळा होता. चाक सुईसारखं टोचत नाही. ते वरून जातं. तिला विचारायचं होतं, वीज वरपर्यंत येते का?

मी सिकंदरचाचांच्या डब्यातून एक सुटं चाक घेतलं. दुसऱ्या सांध्यापाशी बाहेरच्या रुळावर ते उभं धरलं, मीटरचं एक टोक चाकाला लावलं, दुसरं आतल्या रुळाला. आकडा थोडा नाचला आणि शून्याजवळ बसला. चाक वीतभर पुढे नेलं. चौदा. मागे आणलं. शून्य.

मग मी जमिनीला गाल टेकवून, उन्हाच्या विरुद्ध दिशेने रुळाकडे बघितलं. पितळ झगमगत होतं. फक्त सांध्यापाशी, दीड सेंटिमीटर लांबीचा एक पट्टा झगमगत नव्हता. पिवळ्यावर पिवळा. वाळलेली हळद.

पुढच्या सांध्यावर तेच. त्याच्या पुढच्यावर तेच. मी गुडघ्यांवर चालत सगळी रेल्वे फिरले. तेवीसच्या तेवीस. स्लीपरवर एकही ठिपका नव्हता. सगळे ठिपके स्लीपरच्या कडेपासून बरोबर एक बोट आत, रुळाच्या माथ्यावर पडले होते. आणि बयाबाईच्या वीज घेणाऱ्या दोन चाकांपैकी बाहेरच्या चाकावर हळद गोल फिरून पातळ थरासारखी बसली होती. शेवटी ती कुठेच का चालेना, तेही कळलं. रोग सांध्यांवरून तिने आपल्या पायाला लावून घेतला होता.

बाकीचं गणित जमिनीवर बसल्या बसल्या सुटलं. मोतीबिंदूमुळे डोळ्याचं भिंग पिवळट-तपकिरी होतं. पांढरं आणि पिवळं सारखं वाटू लागतं. पितळ आणि सागवान एकाच रंगाचे दिसतात. अंतराचा अंदाज जातो. अंगठा लावला असता तर आबांना क्षणात कळलं असतं, पण पूजेला अंगठा नव्हता, फूल होतं. आणि पूजेनंतर अंगठा लावायचा नाही हा नियम होता.

मी फडक्यावर स्पिरिट घेऊन पहिला सांधा पुसला. पांढऱ्या फडक्यावर पिवळाधमक डाग आला. वर बघितलं तर सिकंदरचाचा शेजारी उभे होते. ते फडक्याकडे बघत होते. नऊ म्हशी मोजणाऱ्या माणसाला तो डाग दिसणार नाही असं होणार नव्हतं.

ते खाली बसले आणि अगदी हळू बोलले. "पोरी. वायर सुटली हुती म्हण."

मी दुसऱ्या सांध्यावर फडकं टेकवलं.

"मी चेष्टा करतो, ती येगळी. हे त्याला कळाय नको. पुसून टाक. मी बी पुसतो."

ते माझ्याकडून फडक्याचा तुकडा फाडून घेऊन खरंच पुसायला बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, सणाचा नवा पायजमा घालून, मातीत. मला त्यांचं म्हणणं पटलं नाही असं नाही. वायर सुटली होती, हे एक वाक्य. तीन शब्द. संध्याकाळ सुखात गेली असती. आबा पुढल्या वर्षी पुन्हा फूल घेऊन बसले असते आणि तोपर्यंत अंगठ्यावरच्या रेघा सहा झाल्या असत्या. दिवाळी वीस दिवसांवर होती.

"सापडलं का?" शेवग्याखालच्या खुर्चीतून आबांनी विचारलं.

"सापडलं," मी म्हटलं.

"काय हुतं?"

सिकंदरचाचांनी मान हलवली, नको अशी. मी उठले, आबांकडे गेले आणि फडकं त्यांच्या हातात दिलं.

"आबा, हे रुळावर होतं."

त्यांनी फडकं डोळ्यांपाशी नेलं. लांब धरलं. पुन्हा जवळ आणलं. "काय हाय? फडकं हाय. पांढरं."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी फडक्यावरून अंगठा फिरवला, थांबले, आणि मग फडकं नाकाशी नेलं.

शेजारच्या घरातून पुरणाचा वास येत होता आणि तरी त्या फडक्याचा वास त्यांना आला.

"हळद," ते म्हणाले.

"हो."

"कुठं हुती?"

"रुळाच्या माथ्यावर."

"किती सांध्यांवर?"

"तेवीस."

"स्लीपरवर?"

"एकही नाही."

"किती आत?"

"एक बोट. सगळीकडे एकच बोट."

"मोजलंस?"

"मोजलं."

सिकंदरचाचा मातीतून उठून आले होते. "स्पिरिट लागलंय माझ्या पायजम्याला," एवढंच ते म्हणाले.

आबा फडकं हातात धरून बसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, चुकलं माझं. मी एक पाऊल पुढे झाले. पण ते हसत होते. आधी आवाज नव्हता, मग आला, मग टोपी पडली.

"सिकंदर, तुला गुंडू आठवतो का? आपल्या फाउंड्रीतल्या पॅटर्न शॉपमधला."

"डावखुरा?"

"तोच. त्यानं एकदा बारा पॅटर्न केले पंपाचे. बारा बी चुकले. मालक म्हणला, ह्याला काढा. मी म्हणलो, थांबा, मोजू द्या. मोजलं. बारा बी सारखेच चुकलेले. तेवढंच्या तेवढंच. मी म्हणलो, मालक, हाताला दोष आसता तर एक हिकडं चुकला आसता, एक तिकडं. सगळे सारखे चुकलेत म्हंजे हात सोन्यासारखा हाय, पट्टी चुकीची हाय. बघितलं तर गड्यानं बिडाच्या कामाला पितळंची पट्टी घेतलेली." त्यांनी फडकं वर धरलं. "तेवीसच्या तेवीस. एक बोट. ह्या वयात. नेम बघितलास का?"

"नेम हाय, निशाण न्हाय," सिकंदरचाचा म्हणाले. त्यांना वाचा आली होती.

"हात बरोबर हाय," आबा मला म्हणाले. एवढंच. पुढचं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, आणि मी ते त्यांच्यासाठी पुरं केलं नाही. आमच्या विषयात याला नियमित चूक म्हणतात. ती हात सुधारून जात नाही. उपकरण बदलावं लागतं. पण हे त्यांना सांगायची गरज नव्हती. ते मला माहीत होण्याच्या कितीतरी आधी त्यांना माहीत होतं.

मग आम्ही तिघांनी रूळ पुसले. सिकंदरचाचांनी चाकं उतरवून स्पिरिटने घासली. आबा आमच्या मागून अंगठा लावत आले आणि दोन ठिकाणी माझी चूक काढली. दोन्ही ठिकाणी ती खरी होती. जेवायला तीन वाजले. धैर्यशीलने विचारलं, काय झालं होतं? आबा श्रीखंड वाढून घेत म्हणाले, "पूजा जरा जास्त झाली." त्याने माझ्याकडे बघितलं. मी पुरी वाढली.

साडेपाचला फाटक उघडलं. गल्ली आली. पलीकडच्या बाळाबाई नवी नऊवारी नेसून, नातवाला कडेवर घेऊन आल्या. सिकंदरचाचांच्या घरून सबिना आणि खतिजा शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन आल्या, कारण दसऱ्याला त्यांच्याकडचा शीरखुर्मा आणि ईदेला आमच्याकडची पुरणपोळी असं ठरलेलं आहे. सगळे मुरगूडच्या फलाटाशी दाटीने उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, "आवं आबा, गाडी लेट हाय का?" आबा म्हणाले, "आमची गाडी लेट नसती. पावणंच लवकर येत्यात."

चार डब्यांत आपट्याची पानं भरली. मी कळ दाबली. आबांनी बटण फिरवलं.

बयाबाई निघाली. पहिला सांधा. मी श्वास मोजत नव्हते असं म्हणणार नाही. दुसरा, तिसरा. चाकांचा आवाज सांध्यांवर खट् वाजून पुढे जात होता, ठेका एकदाही चुकत नव्हता. जास्वंद गेली. सकाळी जिथे ती कायमची बसली होती तिथून ती अशी गेली की माझ्या खडूच्या खुणा उगाचच्या वाटल्या. बाळाबाईंचा नातू प्रत्येक सांध्याला टाळी देत होता. सिकंदरचाचा त्याला आकडे सांगत होते, "अठरा, एकोणीस, ईस..." आबांनी डोळे मिटले होते. ते ऐकत होते. तेविसाव्याला त्यांनी बटण मागे घेतलं आणि बयाबाई मुरगूडच्या फरशीला लागून, एका बोटाचंही अंतर न सोडता थांबली.

"आली बया मुरगूडला," खतिजा म्हणाली, आणि सगळे एकदम डब्यांवर तुटून पडले. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. कुणाचं कुणाला पोचत होतं कळत नव्हतं. धैर्यशीलने पानं आबांच्या हातात दिली आणि पायांना हात लावला. त्याने डोळ्यांचा विषय काढला नाही. सिकंदरचाचांनीही नाही. ते शीरखुर्म्याच्या वाटीवरून फक्त बघत होते.

गर्दी जरा पांगली तेव्हा आबांनी मला हाक मारली. मी पानं घेऊन गेले, वाकले. त्यांनी माझ्या हातातलं एक पान उचललं आणि पश्चिमेच्या उजेडात धरलं.

"ह्ये हिरवं हाय?"

"हिरवं आहे, आबा."

"गर्द?"

"गर्द. कडेला थोडं पिवळं."

ते पान बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ते खिशात ठेवलं, उजवा अंगठा पुढे केला, त्यावरची रेघ माझ्या अंगठ्यावर दाबून उमटवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उद्या त्या डॉक्टरीणबाईस्नी फोन लाव. दिवाळीच्या आत डावा करायचा, मग उजवा. आन् महिनाभर रूळ तू बघायचेस. अंगठ्यानं. फडक्यानं न्हाय."